शंभर पौंडांच्या पुढे: इंग्लिश युद्धधनुष्य बनवायचं आणि ओढायचं कसं

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि धनुर्विद्येची गोडी लागलेल्या बऱ्याच मराठी मंडळींचा प्रवास साधारण एकाच वळणाने होतो. आधी क्लबात हलकं धनुष्य, मग पोर्ट्समथच्या संग्रहालयाला भेट, आणि तिथून परत आल्यावर 'असलं धनुष्य आपणही बनवायचं' हा किडा. मीही त्याच वळणाने गेलो. या वाटेवर माहिती भरपूर मिळते, पण ती सुटी सुटी असते, अर्धी सांगणाऱ्याच्या फुशारकीत बुडालेली असते आणि कुठल्या क्रमाने काय करायचं ते कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

पोर्ट्समथला काय आहे ते आधी सांगतो. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीचं 'मेरी रोज' हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळच्या सोलंट सामुद्रधुनीत बुडालं. १९८२ साली त्याचा सांगाडा वर काढला. त्यातून १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून जास्त बाण मिळाले. ही धनुष्यं सुमारे १.८७ ते २.११ मीटर लांब, जवळपास सगळी यू नावाच्या झाडाच्या लाकडाची. त्यांची ओढ १०० ते १८५ पौंडांच्या दरम्यान असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ओढ म्हणजे दोरी पूर्ण मागे खेचल्यावर बोटांवर येणारा भार. आज ऑलिंपिकमधले पुरुष तिरंदाज ४५-५० पौंडांचं, म्हणजे २०-२२ किलो ओढीचं धनुष्य वापरतात. १५० पौंड म्हणजे ६८ किलो, आणि तेही हनुवटीपर्यंत नाही तर कानामागे, ३०-३२ इंच खेचायचं.

१. आधी ओढायला शिका, बनवणं नंतर

जवळजवळ प्रत्येक नवखा उलट्या क्रमाने जातो. लाकूड मागवतो, हत्यारं घेतो, १२० पौंडांचं धनुष्य तासतो आणि मग ते स्वतःलाच ओढता येत नाही. अशा धनुष्याचं पुढे काय करायचं? ते दुसऱ्याच्या हातात देऊन तपासता येत नाही आणि स्वतःच्या हातात अर्धवट ओढून त्याचा स्वभाव कळत नाही. लाकडाला पूर्ण ओढीची सवय लागावी लागते, आणि ती सवय बाण सोडूनच लागते.

माझा सल्ला असा: ज्या ओढीचं धनुष्य दुसऱ्याकडून घेऊन किंवा मागून तुम्ही आरामात चालवता, त्याच ओढीचं धनुष्य स्वतः बनवा. आणि पहिलं तर ५०-६० पौंडांचंच बनवा. त्यात लाकूड चुकलं तरी कमी पैसे जातात आणि तुटलं तरी फटका सौम्य असतो.

२. क्लब, विमा, कायदा

ब्रिटनमध्ये धनुष्य बाळगायला परवाना लागत नाही. पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. धनुष्याने शिकार करणं बेकायदा आहे. १९८१ च्या वन्यजीव कायद्यात ते स्पष्ट आहे. आणि टोकदार वस्तू सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे. त्यामुळे क्लबात जाताना दोरी उतरवलेली, धनुष्य पिशवीत, बाण बंद नळीत. घराजवळचं सार्वजनिक उद्यान कितीही रिकामं दिसलं तरी तिथे बाण सोडायचा नाही.

साध्या तिरंदाजी क्लबात आधी नवशिक्यांचा वर्ग पूर्ण करा. सुरक्षिततेच्या शिट्ट्या, रांग, बाण आणायला कधी जायचं हे सगळं तिथे अंगवळणी पडतं. मात्र बहुतेक साध्या क्लबांची मैदानं आणि लक्ष्यं जड धनुष्याला पुरत नाहीत. त्यासाठी इंग्लिश वॉर बो सोसायटीसारख्या संस्था किंवा जड धनुष्याला जागा देणारे पारंपरिक क्लब शोधावे लागतात.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- क्लबाचं सदस्यत्वपत्र
- विम्याचा पुरावा, आणि तो विमा किती ओढीपर्यंत, कुठल्या प्रकारच्या बाणांना लागू आहे याचं लेखी उत्तर. तोंडी 'चालतं हो' वर विसंबू नका
- खासगी शेतावर सराव करणार असाल तर जमीनमालकाची लेखी परवानगी
- लाकूड विकत घेतल्याची पावती, विशेषतः यू असेल तर

विमानाने भारतात न्यायचा विचार असेल तर आधी विमान कंपनीला लांबी कळवा. दोन मीटरचं अखंड लाकूड सगळेच घेत नाहीत, आणि ते वाकवून बसवता येत नाही.

३. शरीर तयार करा

१५४९ साली ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने राजापुढच्या प्रवचनात आपल्या वडिलांची आठवण सांगितली होती. वडिलांनी त्याला हाताच्या जोराने न ओढता सगळं अंग धनुष्यात घालायला शिकवलं, आणि वय नि ताकद वाढेल तसतशी मोठी मोठी धनुष्यं आणून दिली. पावणेपाचशे वर्षांत याहून चांगला सरावाचा आराखडा माझ्या वाचनात आलेला नाही.

मेरी रोजवरच्या माणसांच्या काही सांगाड्यांमध्ये खांद्याच्या पात्याच्या टोकाचं हाड मूळ हाडाशी जुळलेलंच नाही. एरवी ते विशीच्या आसपास जुळतं. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्यामुळे असं झालं असावं, असं संशोधकांनी मांडलं आहे. तुम्ही-आम्ही तिशी-चाळिशीत सुरुवात करणारे. आपलं हाड पक्कं झालेलं, नोकरी खुर्चीतली आणि खांदे लॅपटॉपवर झुकलेले. म्हणून घाई परवडत नाही.

जिममध्ये जाणाऱ्यांना इथे सगळ्यात मोठा धोका असतो. स्नायू काही महिन्यांत मोठे होतात, पण स्नायूबंध फार हळू बळकट होतात. त्यामुळे दणकट माणूस ८०-९० पौंड पहिल्याच दिवशी नुसत्या हाताच्या जोराने खेचून दाखवतो, टाळ्या मिळवतो आणि दोन-तीन आठवड्यांनी कोपराच्या आतल्या बाजूची दुखणी घेऊन घरी बसतो.

क्रम असा ठेवा. ५० पौंडांपासून सुरुवात, पण ओढीची लांबी पहिल्या दिवसापासून पूर्ण ठेवायची. हनुवटीपर्यंत २८ इंच ओढायची सवय एकदा लागली की ती मोडणं वजन वाढवण्यापेक्षा अवघड जातं. पुढे ५ ते १० पौंडांच्या पायऱ्या. वर चढायचं कधी? एका सत्रात तीस बाण सोडून तिसावा बाणही पहिल्याइतकाच मागे येत असेल, आणि दुसऱ्या दिवशी सांधे दुखत नसतील, तेव्हा. स्नायू दुखले तर हरकत नाही. सांध्याचं दुखणं वेगळं, ते ओळखायला शिका. आठवड्यात दोन, फार तर तीन सत्रं, आणि मध्ये एक दिवस तरी सुट्टी. शंभर पौंडांपर्यंत जायला महिने नव्हे, वर्षं लागतात असं धरून चला.

जोडीला व्यायाम हवा तो खेचण्याचा: बारवर लोंबकळणं, पुल-अप, वाकून वजन पोटाकडे ओढणं, रबरी पट्टीने खांदा बाहेर फिरवणं. आपले जोर-बैठका उत्तमच, पण जोर ढकलण्याचा व्यायाम आहे. फक्त तेवढ्यावर पाठीची मागची बाजू मागे राहते. दोरीवरचा मल्लखांब केलेल्यांना मात्र इथे फायदा होतो, पकड आणि पाठ दोन्ही तयार असतात. आणखी एक: अधूनमधून हलकं धनुष्य उलट्या हाताने ओढत जा. नाहीतर अंग एका बाजूने वाढतं आणि मानेची तक्रार सुरू होते.

बोटांना मुंग्या येणं, खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचणं, कोपराच्या आत जळजळ, बोटाच्या मुळाशी सूज: यातलं काहीही दिसलं की धनुष्य खाली. दुखणं हटेना तर खेळाडूंवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. 'थोडं सहन केलं की जातं' हे इथे चालत नाही.

४. ओढायचं कसं

आधुनिक धनुष्य ताठ उभं राहून, हात समोर स्थिर ठेवून ओढतात. जड धनुष्याला ही पद्धत लावली की साठ-सत्तर पौंडांवर माणूस अडकतो.

पाय खांद्यांपेक्षा रुंद. धनुष्य खाली, जमिनीकडे झुकलेलं. कंबरेतून थोडं पुढे वाकलेलं अंग. दोरीचा हात छातीजवळ ठेवून सुरुवातीचा बराचसा भाग धनुष्याचा हात पुढे ढकलूनच पार पडतो. मग अंग सरळ करत धनुष्य वर उचलायचं, छाती उघडायची आणि खांद्यांची दोन्ही पाती मागे एकमेकांकडे आणायची. दोरीचा हात कानाच्या खाली-मागे पोचतो तो पाठीच्या जोरावर. दंडाचा स्नायू फुगून थरथरत असेल तर पाठ कामाला लागलेली नाही, एवढं समजावं.

धनुष्याच्या हाताचा खांदा खाली दाबून ठेवा. तो कानाकडे वर चढला की सगळा भार सांध्यावर जातो, आणि खांद्याच्या बहुतेक दुखापतींचं मूळ इथे असतं. मनगट सरळ, भार अंगठ्याच्या मुळाशी, मूठ आवळायची नाही. दोरी बोटांच्या पहिल्या पेरात खोल अडकवा. टोकावर धरली तर ती निसटते आणि नखं जातात. हाताला जाड चामड्याचा पट्टा किंवा हातमोजा आवश्यक. साध्या धनुष्याचे पातळ पट्टे इथे एका दुपारीत चेपून जातात.

पूर्ण ओढीवर थांबून नेम धरत बसायचं नाही. हात पोचला की सोडायचं. नेम अंदाजाने, सरावातून येतो.

आणि ओढ पूर्ण झाली नाही तर? तर सावकाश परत आणायची. बरेच जण अर्ध्यात अडकल्यावर हात आणखी वर, आकाशाकडे नेऊन शेवटचे इंच चोरतात. त्या अवस्थेत दोरी निसटली तर बाण कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. कुठल्याही ओढीचं धनुष्य बाण न सोडता परत आणता येत नसेल, तर ते धनुष्य अजून तुमचं नाही.

५. लाकूड

यूचं कौतुक उगाच नाही. धनुष्याची तुमच्यापासून दूर असलेली बाजू म्हणजे पाठ, ती ताणली जाते. तुमच्याकडची बाजू म्हणजे पोट, ते दाबलं जातं. यूचं बाहेरचं पांढरट लाकूड ताण सोसतं आणि आतलं तांबूस गाभ्याचं लाकूड दाब सोसतं. एकाच फांदीत दोन्ही. इंग्लंडमध्ये असं चांगलं लाकूड त्या काळीही पुरत नव्हतं. १४७२ च्या कायद्याने परदेशी माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांना प्रत्येक टनामागे धनुष्याचे चार दांडके आणणं भाग पाडलं होतं.

पण पहिलं जड धनुष्य यूचं करू नका. चांगला दांडका महाग असतो, त्यात गाठी असतात, आणि गाठींशी कसं वागायचं हे कळायला हात बसावा लागतो. सुरुवातीला थरांचं धनुष्य सोपं: पाठीला हिकरी किंवा बांबूची पट्टी, पोटाला इपेसारखं दाट लाकूड, दोन्ही रेझिन गोंदाने चिकटवलेली. अखंड लाकूडच हवं असेल तर ॲश किंवा हिकरी. फक्त हिकरी हवेतलं पाणी पिते. इंग्लंडच्या दमट हिवाळ्यात बाहेरच्या शेडमध्ये ठेवलेलं हिकरीचं धनुष्य आळशी होतं.

दांडका निवडताना बघायचं ते:

- लांबी किमान दोन मीटर. ३२ इंच ओढीला टोकांमधलं अंतर ७६-८० इंच असावं
- लाकडाचा धागा, म्हणजे त्याच्या तंतूंची रेघ, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग. दांडका थोडा वाकडा असला तर चालेल, पण धागा कडेतून बाहेर पळता कामा नये
- पिळ नको. टोकांकडून डोळा लावून बघा
- यूमध्ये पांढऱ्या लाकडाचा थर एकूण जाडीच्या पाव ते एक-तृतीयांश
- सावकाश वाळवलेलं. ओलं लाकूड घेतलंत तर टोकांना मेण किंवा गोंद फासा आणि जाडीच्या इंचाला एक वर्ष या हिशेबाने विसरून जा

पुण्या-नाशिकहून हमखास विचारलं जातं: हिमालयात यू होतं ना, तिथून आणू का? नका. उत्तराखंडात थुनेर आणि हिमाचलात रखल म्हणून ओळखलं जाणारं ते झाड धोक्यात आहे, त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहे. महाराष्ट्रात राहून हा नाद करायचा असेल तर बांबूच्या पाठीचा विचार करा. मानवेल जाड भिंतीचा असतो. आणि धामणीचं लाकूड लवचीकपणासाठी आपल्याकडे पूर्वापार ओळखलं जातं, कुऱ्हाडीच्या दांड्यांपासून धनुष्यांपर्यंत. कोकणात असाल तर पावसाळ्यात टिलरिंगच्या, म्हणजे धनुष्य सारखं वाकेपर्यंत लाकूड काढत जाण्याच्या, वाटेला जाऊ नका. लाकूड दमट असताना धनुष्य कायमचं वाकतं.

एक गंभीर इशारा. यूचं झाड विषारी आहे आणि त्याचा भुसाही छातीत जाऊ देण्यासारखा नाही. मुखपट्टी लावा, कामाच्या टेबलावर चहा-नाश्ता नको, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, आणि भुसा-पालवी गुरं-घोडी जातील तिथे टाकू नका.

६. हत्यारं

छोटी कुऱ्हाड, स्वतःकडे ओढून तासायचा दोन मुठींचा ड्रॉ-नाइफ, स्पोकशेव्ह (गोलाई तासायचा छोटा रंधा), खरबरीत आणि बारीक कानस, खरवडायला पोलादी पत्र्याचा स्क्रेपर, जाडी मोजायला कॅलिपर, घट्ट शिकंजा, पेन्सिल. टिलरिंगसाठी भिंतीला पक्का ठोकलेला आधार, कप्पी, चार-पाच मीटर दोर आणि टांगायचा वजनकाटा. काटा १५० किलोपर्यंतचा घ्या. माशांसाठीचा ५० किलोचा काटा १०० पौंडांच्या पुढे निरुपयोगी. गॉगल आणि मुखपट्टी खर्चात धरा, वगळू नका.

यंत्रांपैकी बँडसॉ, म्हणजे पट्टीच्या करवतीचं यंत्र, असेल तर सुरुवातीचं रूप लवकर निघतं. शेवटच्या टप्प्यात मात्र यंत्र हातात धरूच नका.

७. तासणं

पाठ आधी. साल काढा आणि एकाच वर्षवलयाच्या बाजूने जा. यूमध्ये थोडं इकडेतिकडे खपून जातं. ॲश-हिकरीत पाठीवरचं वलय कापलं गेलं तर तिथूनच तडा जातो. मग पाठीवर मध्यरेषा मारा, धाग्याच्या बाजूने. सुतळी ताणून सरळ रेषा मारली की वाकड्या लाकडात धागा कापला जातो.

छेद इंग्रजी डी अक्षरासारखा: पाठ जवळपास सपाट, पोट गोलाकार. मधोमध रुंदी ३५-४० मिमी, जाडी ३०-३५ मिमी, टोकांकडे दोन्ही सारखी कमी होत जातात. वेगळी मूठ कोरायची नाही, हे धनुष्य मधोमधही थोडं वाकतं. गाठ आली की तिच्याभोवती थोडं जास्त लाकूड ठेवा.

इथे एक हिशेब डोक्यात पक्का बसवा. लाकडाचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. ३२ मिमी जाडीच्या धनुष्यावरून पूर्ण लांबीभर फक्त अर्धा मिमी उतरवलात तर ओढ सुमारे साडेचार टक्क्यांनी घटते. १२० पौंडांच्या धनुष्यात ते पाच-साडेपाच पौंड झाले. स्क्रेपरच्या थोड्याशा फेऱ्या आणि एक सरावाची पायरी गेली. जड धनुष्य चुकतं ते बहुतेक इथे: हलक्या धनुष्याच्या सवयीने हात चालतो.

८. टिलरिंग

धनुष्याच्या दोन्ही भुजा, म्हणजे मधल्यापासून वरचा आणि खालचा भाग, सारख्या, एकसंध कमानीत वाकतील असं लाकूड हळूहळू काढत जाणं म्हणजे टिलरिंग. सगळं धनुष्य इथे घडतं किंवा मोडतं.

आधी टोक जमिनीला टेकवून, मधे हाताने दाबून वाकवून बघा. थोडं हललं की लांब, सैल दोरी लावून आधारावर चढवा आणि कप्पीच्या दोराने, तीन-चार मीटर बाजूला उभं राहून खेचा. समोर कधीही उभं राहू नका. जड धनुष्य फुटतं तेव्हा त्याचे तुकडे आढ्यापर्यंत जातात.

नियम एकच आहे आणि तो मोडायचा नाही: शेवटी जेवढी ओढ हवी, त्याच्या पलीकडे काट्याला कधीही जाऊ द्यायचं नाही. १२० पौंडांचं धनुष्य हवं, तर १२० ला काटा टेकला की थांबा, मग दोरी दहा इंचच आली असली तरी. कुठे ताठ आहे, तिथे पेन्सिलने खूण करा, खरवडा, पुन्हा खेचा. तोच भार पुढच्या वेळी अकरा इंचांवर येईल, मग साडेबारावर. असं करत ३२ पर्यंत. पहिला अंदाज हवा त्यापेक्षा दहा पौंड जास्त धरा. घासून गुळगुळीत करण्यात आणि पहिल्या बाणांमध्ये तेवढी ओढ जातेच.

प्रत्येक खरवडीनंतर तीस-चाळीस वेळा कमी लांबीवर खेचून सोडा. लाकडाला बदल लगेच दाखवता येत नाही. हा भाग कंटाळवाणा असतो आणि लोक नेमका तोच गाळतात. पूर्ण ओढीवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त अडकवून ठेवायचं नाही. फोटो काढायला कोणाला तरी सोबत घ्या, कारण फोटोत एका भुजेचा ताठपणा डोळ्यापेक्षा लवकर दिसतो.

काय बिघडू शकतं:

- एकाच जागी कोपरासारखं वाकणं. तिथे हात लावू नका. दोन्ही बाजूंचं लाकूड उतरवून वाक पसरवा
- पोटावर आडव्या, केसासारख्या सुरकुत्या. दाबाने धागे चिरडले गेलेत. बारीक असतील तर ओढ कमी करून धनुष्य वाचतं, खोल असतील तर नाही
- दोरी उतरवल्यावरही धनुष्य वाकलेलं राहणं. दोन इंच चालतात, तीनही चालवून घेतात. त्यापुढे म्हणजे लाकूड ओलं होतं किंवा तुम्ही घाई केली
- पाठीवर लाकडाची चीप उचलली जाणं. तत्काळ थांबा

लांब दोरीवर कमान समाधानकारक झाली की नेहमीची दोरी लावा, आधी दोरी आणि पोटामधलं अंतर कमी ठेवून, तीन इंच वगैरे. शेवटी मूठ बंद करून अंगठा उभा केला की जेवढं होतं, साधारण सहा-साडेसहा इंच, तेवढं अंतर दोरी आणि पोटामध्ये हवं.

९. टोकं आणि दोरी

मेरी रोजच्या धनुष्यांची टोकं शिंगाच्या टोप्यांची होती. शिंग जवळजवळ सगळं कुजून गेलं, पण टोकांवर फिकट डाग राहिले, त्यावरून ते कळलं. आजही म्हशीचं काळं शिंग सगळ्यात सोयीचं. त्यात निमुळतं भोक पाडून, टोकही तसंच निमुळतं करून इपॉक्सीने बसवतात. लाकडातच खाच करून जड दोरी लावली तर मऊ लाकूड चिरत जातं. शिंग घासताना येणारा वास घरच्यांना आवडत नाही. काम बाहेर करा.

दोरीची ताकद ओढीच्या चार ते पाच पट असावी. १२० पौंडांना ४८० ते ६०० पौंड. पूर्वी भांगेच्या झाडाच्या (हेम्प) किंवा जवसाच्या धाग्यांची दोरी असे. आज कृत्रिम धागाच वापरा, निदान सुरुवातीला. वर फास, खाली गाठ, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येते. मधला भाग, जिथे बाण बसतो, तिथे जादा धागा गुंडाळा आणि तो सुटायला लागला की तेव्हाच नवा करा. जड धनुष्यावर दोरी तुटली तर बऱ्याचदा धनुष्यही जातं.

१०. बाण

चांगलं धनुष्य नि हलका बाण हे रिकामी दोरी सोडण्यासारखंच आहे. बाणात न गेलेली ऊर्जा लाकडात परत येते. ढोबळ नियम: ओढीच्या प्रत्येक पौंडाला दहा ग्रेन वजन. १०० पौंडांना ६५ ग्रॅम, १२० ला ७८ ग्रॅम. क्लबात मिळणारे कार्बनचे बाण या धनुष्यावर चढवायचेच नाहीत, ते हातात फुटू शकतात.

काडी अर्धा इंच जाडीची, मागे निमुळती होत तीन-अष्टमांश इंच. लाकूड ॲश, बर्च किंवा पॉपलर. दोरीच्या खाचेत, खाचेला आडवी, शिंगाची पातळ चीप बसवतात, नाहीतर दोरी काडीला सरळ दुभंगते. पिसं हंसाची, सात-आठ इंच लांब, चिकटवून वर रेशमी धाग्याने बांधलेली.

सोडण्याआधी प्रत्येक बाण हातात घेऊन वाकवून, कानाजवळ नेऊन ऐका. कुरकुर आली, केसाएवढी चीर दिसली, की तो बाण तिथल्या तिथे मोडून टाका. 'सरावाला चालेल' म्हणून ठेवलात तर कोणीतरी घाईत तोच उचलणार.

११. मैदानावर

पहिले पन्नासेक बाण पूर्ण ओढीपेक्षा दोन-तीन इंच कमीवर सोडा आणि दर काही बाणांनंतर दोरी उतरवून पाठ-पोट तपासा. त्यानंतरच ३२ इंच.

गवताच्या साध्या लक्ष्यातून हे बाण आरपार जातात किंवा असे रुततात की काढताना काडी मोडते. जवळच्या सरावाला दाट फोमचे ठोकळे लागतात. पण या धनुष्याची खरी मजा लांबवर झेंडा रोवून त्याच्याजवळ बाण पाडण्यात आहे. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्यात चोविशीच्या पुढच्या पुरुषांना २२० यार्डांच्या, म्हणजे २०० मीटरच्या आतलं लक्ष्य घ्यायलाच मनाई होती. असा लांबचा सराव करायला तीनशे मीटरहून मोठं, समोर पायवाट नसलेलं मोकळं मैदान लागतं, आणि दुसऱ्या टोकाला नजर ठेवणारा माणूस. एकट्याने हे करू नका.

बाण शोधायला वेळ राखून ठेवा. उंच गवतात शिरलेला बाण सापडेपर्यंत त्या शेतात यंत्र फिरवू देऊ नका. शेतकऱ्याचा टायर फाटला की पुढची परवानगी मिळत नाही.

१२. निगा

सत्र संपताच दोरी उतरवा. धनुष्य आडवं, दोन आधारांवर ठेवा, रेडिएटरपासून आणि बंद गाडीच्या उन्हापासून दूर. जवसाचं तेल किंवा मेण अधूनमधून. कडाक्याच्या थंडीत लाकूड ठिसूळ होतं. पहिले काही बाण अर्ध्या ओढीवर सोडून मगच पूर्ण ओढा. आणि धनुष्य कोणाला 'जरा ओढून बघ' म्हणून द्यायचं नाही. बघणारा हमखास बाण न लावता दोरी सोडतो. पाहुण्यांसाठी ३० पौंडांचं एक वेगळं ठेवा.